आमच्या घरचं बॉयलर हाउस

३ डिसेंबर, संध्याकाळ

आजोबा झालो. जालन्याच्या दवाखान्यात अक्षताला मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. तिची आई नंदा तिच्याजवळ थांबली. मी अंबडला परत आलो, कारण घरी महत्त्वाचं काम होतं.

पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे सव्वा महिना पोरगी आणि नात आपल्याकडं. रोज तेल लावायचं, कडक पाण्यानं न्हाऊ घालायचं. यंदा थंडी बेकार पडून राह्यली. म्हणून गॅस गिझर आणला. नंदाला सरप्राइज. जुना तांब्याचा बंब भांडेवाल्याला देऊन टाकला, बदल्यात स्टीलच्या दोन बादल्या घेतल्या. बंब म्हणजे धूर आणि राख. नव्या पिढीनं हे बघूच नये.

पप्पू फिटर गिझर बसवून गेला. पेटत न्हाई. म्हणाला, काका, पाण्याला प्रेशर न्हाई. मी म्हणालो, प्रेशरचं मला सांगू नको, अंकुशनगरला कारखान्याच्या बॉयलर हाउसमध्ये नोकरी झाली माझी. हजेरी क्लार्क होतो हे सांगायची गरज वाटली न्हाई. टेबल तर बॉयलरच्या शेजारीच होतं.

फॉल्ट किरकोळ आहे. उद्या अर्ध्या तासात उडवतो.

४ डिसेंबर

गिझर खोलला. आतली जाळी काढली. स्वच्छ होती. तरी घासली. परत जोडला. दोन वायसर आणि एक स्क्रू उरला. कंपनी जास्तीचे देत असावी.

नळ सोडला की टकटक आवाज येतो, ठिणगी पडते, पेटत न्हाई. एकदा पेटला. आनंदानं नंदाला फोन लावला, ती उचलेपर्यंत विझला. मंग फोन केलाच आहे म्हणून तब्येत विचारली.

दुपारी अभ्यास केला. मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. एका माणसानं सांगितलं, गिझरला दोष देऊ नका, टाकी उंचावर पाहिजे. मनात हेच होतं. आमची टाकी स्लॅबवर नुसती दोन विटांवर बसली आहे. तिथून पाणी उतरतं ते जड पावलानं.

५ डिसेंबर

नंदा कपडे न्यायला आल्ती. गिझर पाहिला. चांगलाय म्हणाली. मंग मोरीत उभी राहून बंब कुठाय असं विचारलं. पॉलिशला दिला म्हणालो. यात खोटं काही न्हाई, भांडेवाला पॉलिश करूनच विकणार.

तिनं न्हाऊ घालायला शालूबाईला सांगून ठेवलंय. गल्लीतली अर्धी पोरं शालूबाईच्या हातानं न्हालेली. ती आज मोरी बघायला आली. तिचं म्हणणं, बाळंतिणीला दोन बादल्या वाफाळतं पाणी आणि बाळाला वेगळं, त्यात कमी-जास्त चालणार न्हाई. मी म्हणालो, बाई, इथं नळातून उकळतं येईल. ती गिझरकडं बघून म्हणाली, हा डबा व्हय.

जुन्या लोकांशी वाद घालत न्हाई.

६ डिसेंबर, सकाळ

भिवा वेल्डरला बोलावलं. लोखंडी अँगलचं स्टँड करायचं, टाकी त्याच्यावर. तो म्हणाला, पाच फूट बस होतं. मी म्हणालो, दहा. कारखान्याची पाण्याची टाकी माडीच्या वर होती, उगाच न्हाई. तो म्हणाला, काका, एवढं वर पाणी चढंल का. मी म्हणालो, चढवायला मोटर आहे. त्यानं आमची मोटर बघायची म्हटलं. चहा पाजून लावून दिला.

त्याच दिवशी, दुपार

विहीणबाईंचा फोन. साधनाताई बोलायला गोड. म्हणाल्या, दादा, आमच्याकडं सोलर आहे, चोवीस तास गरम पाणी, तुमची गैरसोय असल तर पोरीला सरळ संभाजीनगरला आणू, त्यात काय कमीपणा. मी म्हणालो, ताई, बिलकुल गैरसोय न्हाई. आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ घरात फेऱ्या मारल्या.

एक तर एकुलती पोरगी. लग्न झाल्यापासून दिवाळीला दोन दिवस, राखीला एक दिवस, असं तिचं येणं. आता कुठं सव्वा महिना मिळून राह्यला. पुढच्या खोलीत पाळणा लावला, पडदे धुतले, खिडकीला जाळी मारली. नात इथं पाहिजे. सोलरसाठी न्हाई सोडणार.

८ डिसेंबर

स्टँड आलं. टाकी वर चढवायची तर आधी रिकामी करावी लागली. उद्या नळाला पाणी यायचा दिवस, म्हणून काळजी नव्हती. आमच्याकडं नळ आठवड्यानं येतो, पण दिवस चुकवत न्हाई. टाकीतलं पाणी शेजारच्या अंगदरावांना दिलं. त्यांनी पिंप, कळशा, कुलर, सगळं भरून घेतलं. चार माणसं लावून टाकी वर ठेवली.

काय दिसून राह्यली. रस्त्यानं जाणारे मान वर करून बघतात. फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, आमच्या घरचं बॉयलर हाउस. जावयानं, म्हणजे सुमितनं, अंगठा दाखवला. अक्षतानं विचारलं, अण्णा, पडणार तर न्हाई ना. विहीणबाईंनी काही लिहिलं न्हाई. वाचलं मात्र.

परवा डिस्चार्ज. सगळं बराबर जमून आलं.

९ डिसेंबर, सकाळ

नळ आला. मोटर चालू केली आणि जिना चढून वर गेलो. शिडी लावली, टाकीत डोकं घातलं आणि पाण्याची वाट पाहत बसलो. मोटर गुणगुणत होती. पाइप थरथरत होता. पाइपाला कान लावला तर पाणी कठड्यापर्यंत आलेलं ऐकू येत होतं. तिथून पुढं न्हाई.

थोडं थांबलो. मोटर गरम होऊन दम घेत असावी असं वाटलं. पाइपाला खालून वर चोळून पाहिलं. अंगदराव खालून ओरडून विचारत होते, काय झालं. मी म्हणालो, प्रेशर बनून राह्यलं.

खाली उतरेपर्यंत नळ गेला. खालचे पिंप, हंडे, बादल्या भरायच्या राहूनच गेल्या. नव्या स्टीलच्या बादल्याही कोरड्या.

त्याच दिवशी, दुपार

टँकरवाल्याला फोन केला. टँकरचा मोठा पाइप कितीही उंच पाणी फेकतो. म्हणाला, सकाळी येतो. काल दिलेल्या पाण्यातलं दोन कळशा प्यायला मागितलं अंगदरावांकडून. त्यांनी दिलं. पण बायको त्यांची माझ्याकडं फार वेळ बघत होती.

एकूण परिस्थिती उत्तम. प्रेशरचा प्रश्न सुटला. आता फक्त पाणी पाहिजे.

१० डिसेंबर

सकाळचा टँकर आला न्हाई. फोन केला तर म्हणाला, शहागडला हायवेवर पंक्चर झालो, निघालोच.

अकराला सुमितची गाडी आली. नंदानं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. पोरीला माझ्या हातात दिलं. एवढीशी. नाक अक्षताचं. डोळे मिटून तोंड वाकडं करून राह्यलती.

शालूबाई तेलाची वाटी घेऊन हजरच होती. मोरीत गेली. नळ सोडला. हवा आली. आम्ही सगळ्यांनी ती हवा ऐकली. मी म्हणालो, प्रेशर बघा किती आहे. कोणी हसलं न्हाई.

नंदानं विचारलं, पिंपात? मी म्हणालो, न्हाई. ती म्हणाली, बंब आणा मग पॉलिशहून, अंगदरावांकडून पाणी घेऊ. मंग सांगावं लागलं. ती पुष्कळ वेळ नव्या बादल्यांकडं बघत होती. ओरडली असती तर बरं झालं असतं. शालूबाई म्हणाली, एवढं पाणी गॅसवर पातेल्यात रोज कधी तापायचं.

अक्षता म्हणाली, असू द्या अण्णा, मला तिकडं सासरी चालतं. हे ती माझी समजूत काढायला म्हणाली, ते मला कळलं. बाळंतिणीनं बापाची समजूत काढायची वेळ यावी. लाज वाटली.

चहा झाला. तोही शेजारच्या पाण्याचा. गाडी परत वळली. पोरीजवळ कोणीतरी पाहिजे म्हणून नंदाही गेली. पाळण्यात घातलेली दुपटी तिनं काढून पिशवीत भरली. शालूबाईनं तेलाची वाटी घरी नेली.

मला वाईट वाटलं. टँकरवाल्याची चूक आहे, पण वाईट मलाच वाटलं.

११ डिसेंबर, सकाळ

टँकर आला. एका दमात टाकी तोंडापर्यंत भरली. स्टँड हाललं न्हाई. भिवाला सांगायला पाहिजे.

मोरीत गेलो. नळ सोडला. पाणी काय आलं, बादलीच्या बाहेर उडत होतं. गिझरनं टकटक केली आणि भक् करून पेटला. निळी ज्योत. हात घातला तर भाजला. पेटलेलाच राह्यला.

लगेच नंदाला फोन लावला आणि फोन गिझरजवळ धरला. म्हणालो, ऐकून राह्यलीस का, पेटला.

ती हळू आवाजात म्हणाली, बारीक बोला, पोरगी आत्ताच न्हाऊन झोपली. आणि फोन ठेवला.

बादली भरली होती. अंघोळ केली न्हाई. तिच्यात पडदे भिजत टाकले. ते मागच्याच आठवड्यात धुतलेले होते.