सॅक गळत नाही, दाजी

आदरणीय दाजींना,

नमस्कार. हा नमस्कार माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान म्हणून आहे; दुसरं काही कारण सध्या माझ्याकडे शिल्लक नाही. तुमची तब्येत उत्तमच असणार. एकसष्टाव्या वर्षी होडीवर सायकल बांधून नदीत उतरणाऱ्या माणसाला सर्दी होत नाही, ती त्याच्या बायकोला होते. ताईची सर्दी बरी आहे का, ते कळवा. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही मध्येच बोलता.

रविवारी कुटुंबाच्या ग्रुपवर तुम्ही फोटो टाकलात. झुडपावर तीन पायजमे, दोन स्वेटर आणि एक उशी वाळत घातलेली, आणि खाली ओळ : ‘मेहुण्याच्या सॅकची कृपा.’ त्या ओळीला अकरा जणांनी अंगठा दाखवला, त्यात माझा जावईही आहे. दाजी, एकतीस वर्षं मी ताडपत्र्या शिवतोय. माझ्या ताडपत्रीखालून ट्रकच्या ट्रक साखर कोरडी पोचली. (सिमेंटही पोचलं, पण साखरेचं लोकांना लवकर पटतं.) माझी शिवण गळते असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं, आणि म्हणायला घरचाच माणूस निघाला, म्हणून तळपायाची आग मस्तकात गेली आहे. मला एकच गोष्ट हवी आहे. ज्या ग्रुपवर तुम्ही हे लिहिलंत, त्याच ग्रुपवर लिहा की सॅक गळत नाही.

मुळात मी कधी सॅक शिवतो असं म्हटलं होतं? मला चार कोपरे आणि कडेने दोरी एवढंच ठाऊक. तुम्हीच येऊन सांगितलंत की नदीपर्यंत सायकलने जायचं तेव्हा फुगवायची होडी तुमच्या पाठीवर, आणि नदीत उतरलं की सायकल होडीच्या पाठीवर. म्हणजे एकाने दुसऱ्याला वाहायचं, मग दुसऱ्याने पहिल्याला. (दोघांना घरी ठेवलं तर कोणालाच वाहावं लागत नाही, हे मी तेव्हाच सुचवलं होतं.) तर त्या सॅकमध्ये होडी, चार तुकड्यांची वल्ही, पंप, लाइफ जॅकेट, तंबू, तुम्हा तिघा मित्रांचे कोरडे कपडे, आणि (हे तुम्ही जाता जाता, चप्पल घालताना सांगितलंत) तुमची उशी. स्वतःच्या उशीशिवाय ज्याला झोप येत नाही त्याने घरी झोपावं, असं माझं मत आहे. मापं तुम्ही नऊ वेळा बदललीत. आठव्या वेळी पट्ट्याचं माप घेताना तुम्ही पोट आत ओढून उभे राहिलात, त्यामुळे पट्टा अपुरा पडला, आणि नवव्या वेळी माझा टेप आखडलाय असं मलाच ऐकवलंत.

चाचणीला मी स्वतः ती सॅक पाठीला बांधून सायकलवर बसलो, हे तरी ग्रुपवर लिहायचं होतं. भरलेली सॅक डोक्याच्या हातभर वर जात होती. मान मागे वळेना, वर होईना, फक्त खाली जाई, म्हणून गल्लीच्या टोकापर्यंत मी स्वतःचे गुडघे बघत गेलो. तिथे वारा आला. वारा सॅकला डावीकडे घेऊन गेला, आणि मी सॅकला बांधलेला असल्यामुळे मलाही जावं लागलं. न्हाव्याच्या दुकानात सायकलसकट शिरलो तेव्हा त्याने, दोन जण पुढे आहेत, बसा जरा, असं शांतपणे सांगितलं. बसता येत नव्हतं. बक्कल उघडेना (बक्कल तुम्ही आणून दिलेलं, हे नोंदवून ठेवतो). अर्धा तास भिंतीला टेकून उभा राहिलो, शेवटी हिने येऊन सोडवलं. इतकं सोसून तुमची सॅक झाली.

आता पाणी कसं शिरलं ते मी घरबसल्या सांगतो. तोंड तीन वेळा गुंडाळून मग बक्कल लावायचं, हे मी दाखवून दिलं होतं. तुम्ही एकदाच गुंडाळलं असणार, कारण मधूनच उशी काढायची असणार. ताईला विचारलं तर ती म्हणाली, तिघांनी मोजून तीन वेळा गुंडाळलं होतं म्हणे. ताई तुमचीच बाजू घेणार. लग्न झाल्या दिवसापासून ती तेच करते आहे.

तेव्हा आमच्या धंद्यातला न्याय लावतो. तुम्ही परत पाठवलेली सॅक दुकानाच्या मागच्या दारात आकड्याला टांगली आहे आणि हिने तीत सहा बादल्या पाणी ओतलं आहे. आतलं पाणी बाहेर आलं नाही, तर बाहेरचं आत जात नाही. मी कापायच्या टेबलाशी बसून लिहितोय, सॅक समोर आहे, तास होऊन गेला, मला एक थेंबही दिसत नाही. ग्रुपवर काय लिहायचं ते वर दिलंच आहे. शब्द बदलू नका.

रागावलेला, पण नात्याने बांधलेला,
तुमचा मेहुणा

ता. क. फरशी ओली आहे. बादल्या ओतताना सांडलं असणार.

ता. क. २. ही म्हणते, तिच्या हातून एक थेंब सांडलेला नाही. तिने फरशी कोरडी पुसली. परत ओली झाली. जुनं घर आहे, फरशीला ओल येते.

ता. क. ३. दाजी, हे पानाच्या मागे लिहितोय, ताईला वाचायला देऊ नका. हिने माझं बोट धरून तळाच्या शिवणीवर फिरवलं. वीतभर टाके पाणी अडवणाऱ्या पट्टीच्या बाहेर गेले आहेत. बोटाला लागतात. सॅक रिकामी करून उजेडात नेली, चष्मा दोनदा पुसला. मला ती शिवण सरळ दिसते. हिने सॅक परत आकड्याला अडकवली. मग म्हणाली, “गेल्या महिन्यातल्या ताडपत्र्या कोणाकोणाला दिल्या, ते आठवतंय का?”

तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन ज्या डॉक्टरांनी केलं, त्यांच्याकडे मला घेऊन चला. एकटा जाणार नाही, भीती वाटते. ग्रुपवर काही लिहायची गरज नाही. आणि या पत्राच्या ओळी वाकड्या गेल्या असतील तर मला सांगू नका, डॉक्टरांना दाखवा.