मामांचा कूलर आणि काळा थर

७ एप्रिल
पुन्हा पिवळा. आठ काचा, आठही पिवळ्या. सौर सेलमध्ये उन्हाची वीज करणारा, काचेवरचा पेरोव्स्काइट थर काळा, चकचकीत यायला हवा. माझा हळद लावून बसलाय. लॅबमधल्या महागड्या बंद पेटीत येतो काळा, पण मला उघड्या टेबलावर हवाय, स्वस्तात. सर म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत वेळ आहे. नंतर आपण गुपचूप पेटीकडे वळावं." माझी तीन वर्षं गेली यात, आणि म्हणे गुपचूप!

९ एप्रिल
डबा विसरले. लॅबचे शिपाई शिंदे मामा अर्धी भाकरी पुढ्यात ठेवून, "खावा आधी. काच काय पळून चाललीय?"

११ एप्रिल
काचा तापवायला ठेवून सरांकडे गेले. परतले तर गार वारा. मामांनी स्टोअरमधला पाण्याचा कूलर ओढून आणून लावलेला. "नागपूरच्या पोरीला कूलरबिगर करमतं व्हय?" ज्या थराला ओलाव्याचं वावडं, त्याच्या शेजारी! मामांवर ओरडले. चारचौघांत. मामा बटण बंद करून निघून गेले. फार वाईट वागले मी.
काचा फेकायला उचलल्या तर काळ्या. आठपैकी सात!!

१२ एप्रिल
सेल पुरे करून मोजले. वीज जवळजवळ पेटीतल्याइतकीच. म्हणजे एप्रिलची हवाच फार कोरडी. उघड्यावर थराला किंचित ओलावा हवा होता, आणि मी इतके दिवस तोच टाळत होते...
मामांना गाठलं. "मामा, चुकलं माझं." "लेकी वरडत्यातच," म्हणाले आणि कूलरमध्ये पाणी भरायला गेले. रडू आलं.

१९ एप्रिल
सर : "कूलर हे शास्त्रीय उपकरण आहे का?" पण खुर्ची ओढून समोर बसले. पाचदा करून दाखवलं, चारदा काळा. हसले नाहीत. "पेटीचं राहू दे तूर्त." सरांच्या भाषेत ही शाबासकी.
हवेतला ओलावा मोजायचा काटा आता मामा वाचतात, मी लिहून घेते. पाणी किती घालायचं ते तेच ठरवतात. माझं ऐकत नाहीत.

२६ एप्रिल
सेल गच्चीवर उन्हात मांडले. मामा मदतीला. शेवटचा सेल ठेवून म्हणाले, "मॅडम, आत्ता पाणी आपल्या हातात हाय म्हणून जमलं. जुलैत हवाच भिजलेली, तवा काय वो?"
सरांनीसुद्धा अजून विचारलं नव्हतं हे. "बघू," मी म्हणाले.
मामांना ते पटलं नाही. मलाही.