न डोलणारी बोट

१० जानेवारी

पोचले एकदाची. रत्नागिरीहून बीड, बीडहून माजलगाव आणि तिथून अर्जुनरावांच्या जीपमधून धरणाच्या काठावर. अंगाचा पार खुळखुळा झालाय, पण मजेत आहे. आई म्हणत होती, बीडमध्ये बोट कशाला, तिथे प्यायला पाणी नसतं. तिला लगेच फोटो पाठवला. नजर पोचत नाही एवढं पाणी, पलीकडे ऊस आणि काठाला तीन जुन्या डिझेल बोटी, तिन्ही केबिनवाल्या. बाबांच्या कारखान्यात मी लहानपणापासून असल्या बोटींच्या पोटात शिरत आलेय. माहेरची माणसं भेटल्यासारखं वाटलं.

अर्जुनराव म्हणजे इथलं बडं प्रस्थ. त्यांना पाण्यावर सहली सुरू करायच्यात. तिन्हीपैकी एक बोट मी निवडायची, ती लायक आहे असं लिहून द्यायचं, उरलेल्या दोन परत जाणार. सव्वीस जानेवारीला उद्घाटन. पहिली फेरी गावातल्या हंगामी वसतिगृहाच्या मुलांची. आईबाप ऊसतोडीला गेले की ही मुलं चार-पाच महिने तिथेच असतात. त्यातल्या एकानेही अजून बोटीत पाय ठेवलेला नाही म्हणे. हे ऐकून मी आणखीच खूश.

माझी सोय भिवराबाईंकडे केलीय. साठी उलटलेली, एकटी बाई. बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी अशी वाढली की मी लाज सोडून जेवले. कोणती बोट घेणार, असं त्यांनी दोनदा विचारलं. अजून पाहिल्या नाहीत म्हटल्यावर त्यांनी ताटात आणखी एक भाकरी टाकली.

१२ जानेवारी

सकाळपासून डोकं तापलंय. जुनी बोट विकणारा माणूस आणि खोटं बोलणारा माणूस, हे दोघे वेगळे कधी भेटणार मला?

पांढऱ्या बोटीच्या तळाला भेग होती, ती लांबीचा लगदा भरून, वर रंग फासून झाकलेली. आतल्या फळ्या इतक्या कुजलेल्या की हाताचं बोट खुपसलं तर आत जातं. बाद. दुसरीचं इंजिन नव्या नवरीसारखं रंगवलेलं, पण सुरू केल्याबरोबर निळा धूर. ऑइल पितंय. ट्रॅक्टरचे मेकॅनिक युसूफभाई माझ्या मदतीला आहेत, ते हसून म्हणाले की हिला पावडर लावून बसवलंय. तीही बाद.

तिसरी निळी. इंजिन एका दमात सुरू झालं. धूर साफ, तळ घट्ट, सुकाणू हलकं. आणि ही बोट डोलत नाही. मी एका कडेवर उड्या मारून पाहिल्या, कड खाली गेली नाही. घरच्या ओट्यावर उभं असल्यासारखं वाटलं. लहान मुलांसाठी अशीच स्थिर बोट हवी. मी तिथल्या तिथे सही करून टाकली आणि अर्जुनरावांनी पेढे वाटले.

युसूफभाई मात्र सगळं काम काठावरून सांगत होते. निळ्या बोटीत त्यांनी पाय ठेवला नाही. गुडघा दुखतो म्हणाले.

१४ जानेवारी

संक्रांत. चालवून पाहायला एकटीच गेले. बोट डावीकडे ओढते. सुकाणू उजवीकडे वळवलं तरी एका ठरावीक जागेकडे तिचं नाक जातं, आणि तिथे पोचल्यावर इंजिन कितीही रेटा, पुढे सरकत नाही. पंख्यात गवत अडकलं असेल म्हणून पाहिलं. काहीच नाही. उलटी मागे घेत, वैतागून परत आले. त्या जागी खाली काय आहे, असं अर्जुनरावांना विचारलं. जुनं गाव, धरणात गेलेलं, एवढंच म्हणाले.

परतले तर भिवराबाई काठावर. बोटीच्या कडेवर त्यांनी तिळगूळ ठेवला. एक वडी नाही, चिमूट चिमूट करून कितीतरी ठिकाणी. धुतलेल्या बोटीवर मुंग्या होतील म्हणून मी ओरडले. त्या ठेवतच राहिल्या. आता वाईट वाटतंय, पण राग आला होता हे खरं.

१६ जानेवारी

आज तळपायाची आग मस्तकात गेली.

बोट किती बुडावी याची रेघ बाहेरच्या बाजूला मारलेली असते. रेघ पाण्याखाली गेलीय. परवा वर होती. आत कुठे पाणी शिरलंय म्हणून केबिनची जमीन उचकटली. पाणी नाही. दगड. खच्चून भरलेले, चपटे, हात फिरवून फिरवून गुळगुळीत झालेले. काहींवर तेल, काहींवर जुनं कुंकू.

बोट डोलू नये म्हणून तळात वजन टाकतात, त्याला आम्ही नीरम म्हणतो. पण ते बांधून टाकायचं असतं आणि तपासणाऱ्याला सांगायचं असतं. दगड सरकले तर बोट एका अंगावर जाऊन उलटते. म्हणजे मी ज्या स्थिरपणावर भाळले तो हा! अर्जुनरावांना फोनवर वाट्टेल ते बोलले. ते शांत. म्हणाले, निळी फार डोलायची, उन्हाळ्यात पाणी आटलं तेव्हा जुन्या गावाच्या जागेवर दगड फुकट पडले होते, उचलून भरले. त्यात सांगायचं काय?

सगळे बाहेर काढायला लावलेत.

१७ जानेवारी

दगड निघाले. अर्जुनरावांनी लगेच ते धक्क्याच्या पायऱ्यांत सिमेंट ओतून बसवलेसुद्धा. या कामात भारी चपळाई.

पण बोट वर आली नाही.

रिकामी आहे. मी स्वतः आत हात घालून पाहिलं. रेघ अजून पाण्याखाली, कालच्यापेक्षा खोल. कडेवर उडी मारली. डोलत नाही. असं होऊच शकत नाही. मी हे काम शिकलेय, मला कुणी वेड्यात काढू नये. कोण काय लपवतंय इथे?

१९ जानेवारी

आज दुपारी सुकाणूजवळ बसले होते, डोक्यावर ऊन. मांडीवर वजन आलं. ऊबदार. मांजर असेल म्हणून खाली पाहिलं तर काही नव्हतं. वजन मात्र होतं, आणि हळूहळू सरकत वर येत होतं. मी उठून उभी राहिले ती काठावर येईपर्यंत थांबले नाही.

घरी आले तर भिवराबाई माझ्या छातीकडे बघत होत्या. कुर्ता तिथे ओला होता. दोनच जागी.

मग मी त्यांना सोडलं नाही. त्यांच्या समोर बसून राहिले, बोलेपर्यंत.

जुन्या गावात तान्हं मूल गेलं की जाळत नसत, पुरत. जनावरानं उकरू नये म्हणून वर दगड ठेवत, आणि आई त्याला तेल लावून सांगे, निजून राहा. गाव पाण्याखाली गेलं तरी उन्हाळ्यात पाणी हटलं की बाया जायच्या, आपापल्या दगडाला तेल लावायच्या, सरकला असेल तर पुन्हा दाबून बसवायच्या. मागच्या उन्हाळ्यात गेल्या तर जागा उघडी.

"त्यातला एक माझ्या लेकीचा हाय," त्या म्हणाल्या.

मी ओरडले, मला पहिल्याच दिवशी का सांगितलं नाही?

"अर्जुनरावाला सांगितलं, त्यो हसला. तुमी तर पेढं खाल्लं."

 माझ्या डोक्यात एकच फिरत होतं. ते दगड वजन नव्हते, झाकण होते. आपण झाकणं काढून आणली, आणि झाकलेली तान्ही मागोमाग बोटीत आली.

२१ जानेवारी

दगड परत न्यायचे तर सिमेंट फोडावं लागेल. अर्जुनराव म्हणाले, उद्घाटनानंतर बघू. म्हटलं, मी सही मागे घेते. तर म्हणाले, दिलेली सही मागे येत नसते, मॅडम, तुम्ही थकलाय, घरी जा.

युसूफभाईंना माजलगावात जाऊन गाठलं. दगड भरताना ते तिथेच होते. मान वर न करता म्हणाले, "आमाला माहीत व्हतं. समद्या गावाला माहीत हाय." अख्ख्या गावाला! मी इतकी चिडले की हातातला चहा सांडला. घाबरलेल्या माणसांचा मला इतका संताप येतो, आणि आता मीही त्यांच्यातलीच.

२३ जानेवारी

आज सराव म्हणून मुलांना बोटीत बसवलं. मला न कळवता. कळल्यावर मी धावत गेले, तोवर उतरली होती सगळी.

राजनंदिनी नावाची छोटी मुलगी धक्क्यावरच बसून राहिली. रडत नव्हती, बोलत नव्हती. वसतिगृहाच्या मनिषाताई तिला उचलायला गेल्या. उचलेना. मी धरलं, उचलेना. काडीसारखी पोर, आणि चौघींनी मिळून बाजेवर ठेवली तर बाजेची दोरी तुटली.

भिवराबाईंनी तिला जमिनीवरच मांडीवर घेतलं, ये माझ्याकडं म्हणत राहिल्या. ऊन उतरलं तशी मुलगी हलकी झाली, खेळायला गेली. भिवराबाईंना मात्र उठता येईना.

"एकच आलतं," त्या म्हणाल्या. "बाकीची बोटीतच हायती. लेकरं लेकरांत जात्यात."

सव्वीसला तिथे चाळीसेक मुलं बसवणार आहेत. पाण्याच्या मध्यावर.

२४ जानेवारी

डिझेल काढून ओतून दिलं. संध्याकाळी टाकी पुन्हा भरलेली.

वायरी तोडल्या. युसूफभाईंनी जोडल्या. माझ्याकडे न बघता.

मनिषाताई म्हणतात, मुलं आणली नाहीत तर वसतिगृह बंद करतील. रडतात आणि हेच म्हणतात. कुणाकुणाशी भांडू मी?

२५ जानेवारी

पोलीस ठाण्यात गेले. बोटीत काय आहे, असं विचारलं त्यांनी. सांगितलं. एकमेकांकडे बघितलं त्यांनी. पाणी दिलं प्यायला.

रेघ आता दिसतच नाही. कड पाण्याला टेकायला आलीय. आणि अर्जुनराव तिला झेंडूच्या माळा घालताहेत.

राग आवरत नाही. बरं आहे. राग आहे तोवर मी हे करेन.

२६ जानेवारी, सकाळ

झेंडावंदन चालू होतं. सगळे शाळेत. मी दोर सोडला, बोट काढली. एकटीच.

इंजिन बंद केलं. तरी चालतेय. डावीकडे, त्याच जागेकडे. जा बाई, तिकडेच जायचंय आपल्याला.

आलो. थांबली.

मुलं धक्क्यावर आलीत, दिसताहेत. रांगेत. नवे कपडे. हात हलवताहेत मला. अर्जुनराव ओरडताहेत—

बोट वळतेय.

तिकडे. धक्क्याकडे. मुलांच्या आवाजाकडे. इंजिन बंद आहे— सुकाणू हलत नाही—

नाही. त्यांच्यात नाही जायचं. ऐकायचं माझं.

इंजिन गार ठेवायला बाहेरचं पाणी आत घेणारी तोटी असते, तिचा पाइप उपटून टाकलाय. पाणी येतंय. भराभर. बोट थांबली. इथेच जाईल खाली, त्यांच्या जागेवर. धक्का लांब आहे अजून. वाचली मुलं.

पाणी गुडघ्याला.

मला पोहता येतं. उडी मारायची आणि सुटायचं, एवढंच—

धरलंय मला. ओढणी. कुर्त्याचं टोक. केस. ओढत नाहीत, नुसती धरून आहेत. मी संतापून झटका दिला, हात सुटले, आणि मग— मग ती रडली. सगळी. किती दिवसांची—

मला राग येत नाहीये. शोधतेय, येत नाहीये.

एवढ्याशा मुठी. एकेक बोट सोडवायचं म्हणजे—

लाइफ जॅकेट एकच आहे. वहीला बांधतेय. पायऱ्या फोडा. दगड आणून ठेवा, तेल लावून, आयांच्या हातून. भिवराबाईंना सांगा, त्यांच्या लेकीला मी मांडीवर घेतलंय, ती आता—