धार सोडू नकोस

अण्णा, मल्लेश्वरमच्या घरात बसून मी सध्या डोंगर चढते आहे. हसू नका. नातीसाठी गिर्यारोहणाची साहसकथा लिहायला घेतली आणि पहिल्याच पानावर अडले. आमचं मराठी स्वयंपाकघरातलं. त्यात भाजी चिरता येते, कडा चढता येत नाही. मग वहीच्या मागच्या पानावर तुमचे शब्द आठवून लिहू लागले. सुळका, घळ, खोबण. खोबण तुम्ही नुसती सांगितली नाहीत. रामनगरजवळच्या त्या कातळावर माझी चार बोटं खडकातल्या खाचेत बसवलीत आणि म्हणालात, "ही खोबण. हिच्यावर भरवसा ठेव." अजून तो शब्द लिहिताना बोटं वळतात.

मी दहा वर्षांची होते. आठवडाभर यशवंतपूरच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करणारे तुम्ही रविवारी अनवाणी कातळ चढता, आणि पाऊलही वाजत नाही, हे मी आ वासून बघत होते. एवढा प्रचंड दगड मी पाहिला नव्हता. आभाळ त्यालाच टेकलंय असं वाटत होतं, आणि त्यावर तुम्ही घरच्यासारखे वावरत होतात. पुढे जाऊन वरून ओरडलात, "धार सोडू नकोस!" मी सोडली नाही. आदल्या दिवशीच्या पावसाचं पाणी कातळावरून बारीक धारेनं उतरत होतं, त्यातूनच वर येत राहिले. शेवाळावर पाय सटकला. खाली शेळ्या चारणारी अक्का "अय्यो, मगू!" म्हणून, अगं पोरी म्हणून, कानडीत किंचाळली. तुम्ही कुठून आलात कळलंच नाही, मनगट तेवढं धरलेलं दिसलं. "सांगितलं होतं ना, धार सोडू नकोस म्हणून? ऐकायचं नसेल तर डोंगरावर यायचं नाही." त्यानंतर मला कधीच नेलं नाहीत. गुडघे कुरकुरू लागेपर्यंत एकटेच जात राहिलात, आणि मी दारातून बघत राहिले.

काल नातीला वाचून दाखवलं, "मुलगी धारेवरून चढू लागली." ती म्हणाली, "आजी, स्वल्प थांब. पाण्यातून कशी चढेल? घसरेल ना ती!" मी वही मिटली. दोन्हीकडे उतार असलेल्या डोंगराच्या अरुंद कण्यालाही धार म्हणतात, हे मला कातळावरून घरी परतले त्याच संध्याकाळी कळलं होतं. "कोरडी धार सोडून ही पाण्यात शिरली," असं तुम्ही आईला सांगत होतात. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण बेंगळुरात वाढूनही पोरीचं मराठी अस्सल आहे, असं तुम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगायचात. ते खोटं पाडायचा धीर झाला नाही. हट्टी ठरले, ते परवडलं. एवढा थोरला डोंगर आणि दुधाची बारीक धार, दोघांना एकच शब्द पुरतो, याचं आज नवल वाटतं, आणि रडूही येतं.

हे पत्र टाकायचं कुठे? वहीतच राहील. पण मी तुमचं ऐकलं होतं, अण्णा. तुम्ही मनगट धरलंत तेव्हाही माझा एक पाय धारेतच होता.