थोरल्याच्या नावापुढचं रिकामं

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आज घरात आलं: पीठ पाच किलो – २१५. तेल एक किलो – १७० (मागल्या खेपेपेक्षा आठ जास्त. विचारलं तर दुकानदार छताकडे बघतो). अंगाचे साबण तीन – ९०. आणि पर्जन्य कचेरीचा तपासनीस – फुकट!

दारातूनच म्हणाला, तुमचा थोरला घरी आहे का. म्हटलं, तो डोंगरावर तुमचाच पाऊस मोजत बसलाय. तर म्हणे, जानेवारीच्या अखेरीपासून त्याच्या केंद्राचा आकडाच नाही. तो कामावर नाही असं कचेरीने धरलंय, पंधरवडा उलटला की नाव कमी करणार. बोलता बोलता नजर आतल्या खोलीत. मीच उठून न्हाणीघराचं दार सताड उघडून दाखवलं, तेव्हा कुठे ओशाळला. चहा विचारला नाही. देव माफ करो.

हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "तिसरी नोकरी. गेला असेल सोडून."

आधीच्या दोन सोडल्या, खरं आहे. पण सांगून सोडल्या होत्या!

बुधवार, ५ फेब्रुवारी

थोरला असा का करेल? तिथे फोन लागत नाही, हे खरं. पण काम तरी केवढं – सकाळी उठून भांड्यातला पाऊस मोजायचा, आकडा यंत्रावर टाकायचा, की तो कचेरीत पोचला. पत्र मात्र सामानाच्या गाडीबरोबर, कधी आलं तर आलं.

आणि कचेरीतली आकड्यांची यादी कोण बनवतं? आमची धाकटी सून! घरी बसून, कंत्राटावर. भांडी घासताना हे डोक्यात आलं, ते अजून गेलेलं नाही. दिराचं नाव यादीतून नाहीसं होतं आणि हिला पत्ता नाही?

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

धाकटी फोनवर होती. मी दाराशी टॉवेलाच्या घड्या घालत होते – एकाच टॉवेलाच्या. कानावर आलं ते असं: "रिकामे असतील ते मी गाळूनच टाकते. म्हणजे यादी स्वच्छ." वर हसली.

गाळूनच टाकते!

घर दोघा भावांच्या नावावर करायचं, असं हे गेल्याच महिन्यात बोलले होते. मी काही म्हणत नाही. फक्त लिहून ठेवते.

शनिवार, ८ फेब्रुवारी

जपात मन नाही. धाकटीने आज न सांगता माझे पाय चेपून दिले. कशासाठी?

रविवार, ९ फेब्रुवारी

आज विचारलंच. धाकटी भाजी निवडत होती, मी समोर बसले आणि म्हटलं, कुणाला गाळतेस तू?

आधी तिला कळेना. कळल्यावर पोरीचा चेहरा असा उतरला की मलाच कसंसं झालं. पण मी हटले नाही. म्हणाली, आई, माणसं नाही गाळत हो. एखाद्या केंद्राचा आकडा आला नाही की यादीत तेवढी जागा रिकामी राहते. ती तशीच ठेवून बेरीज करायला गेलं की यंत्र अडून बसतं. म्हणून आधी एक ओळ लिहायची, रिकाम्या जागा काढून टाक म्हणून. ज्या केंद्राचं काहीच उरत नाही, ते बंद धरलं जातं. भाऊजींचं दिसलं तेव्हा सांगायला जीभ उचलली नाही, म्हणाली.

मी म्हटलं, दाखव मला. माझ्यादेखत चालव. (विश्वास बसला नव्हता, खोटं कशाला लिहू.)

तिने संगणकाचा पडदा उघडला. आई, तुम्हीच आकडे सांगा, म्हणाली. मी दुधाचे सांगितले: सोमवारी दोन लिटर. मंगळवारी एक. बुधवारी शून्य, आदल्या दिवसाचं उरलं होतं. गुरुवारी टिपायचं राहिलं, ती जागा रिकामी. शुक्रवारी दोन.

तिने बटण दाबलं. उरले: दोन, एक, दोन.

"बुधवार कुठे गेला?" मी विचारलं. "त्या दिवशी दूध घेतलं नाही. लिहायला विसरले नव्हते मी."

धाकटीने ओळ पुन्हा वाचली. पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच. हात तोंडावर गेला तिचा.

"आई, मी यंत्राला विचारलं, काही आहे का. विचारायला हवं होतं, काही लिहिलंय का. त्याच्या लेखी शून्य म्हणजे काहीच नाही."

यादीत बाकी केंद्रांवर अवकाळीचे शिंतोडे तरी आहेत; डोंगरावर जानेवारीच्या अखेरीपासून कुठला पाऊस? थोरला बिचारा रोज उठून शून्य पाठवत असणार, आणि आम्ही खाली बसून त्याला पळपुटा ठरवला. आम्ही म्हणजे हे. आणि थोडी मी.

सोमवार, १० फेब्रुवारी

धाकटीने कचेरीत फोन केला. आज उघड उघड जवळ बसून ऐकलं. "चूक माझ्या ओळीतली आहे. त्या माणसाचं नाव कमी करू नका," एवढं सरळ बोलली. पलीकडचा बराच वेळ तापला. कंत्राट जाईल बहुतेक. दारावर चोरून ऐकणाऱ्या सासूपेक्षा पोर धीराची निघाली.

ओळ बदलून यादी पुन्हा काढली. थोरल्याच्या नावापुढे शून्य, शून्य, शून्य! इतकी गोड शून्यं मी जन्मात पाहिली नाहीत. ह्यांना हाताला धरून पडद्यासमोर उभं केलं. हे म्हणाले, "मला वाटलंच होतं." घ्या!

देवापुढे बसले. आज जप नीट झाला.

धाकटी जेवायला आली नाही, परत पडद्यापाशी जाऊन बसली. कंत्राटाचंच मनाला लागलं असेल.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

कंत्राटाचं नव्हतं. सकाळी धाकटीने माझा हात धरून खाली बसवलं. "आई, शून्यं गेल्या गुरुवारपर्यंतच आहेत. शुक्रवारपासून जागा रिकामी आहे. आणि हे रिकामं खरं आहे." तो नाहीच असं सगळ्यांनी धरलेलं, म्हणून कुणी बघितलं नाही.

कचेरीची गाडी त्याला बघायला वर निघाली आहे. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, एवढंच लिहून दिलं: बाळ, पाऊस नसला तर नसू दे, शून्य पाठव. चिठ्ठी हाती पडताच उलट टपाली कळव.