पेपरातल्या घोडेस्वाराची बायको

बाबा, आज दवाखान्यातून परतताना तुमचा घोडेस्वार भेटला. इथे स्टुटगार्टमध्ये शनिवारी फ्लोमार्क्ट भरतो, जुन्या वस्तूंचा बाजार. अमेरिकेतल्या पेपरांत रोज येणारी ती चार चौकटींची चित्रपट्टी जर्मनमध्ये जाडजूड पुस्तक होऊन पडली होती. युरो येऊन इतकी वर्षं झाली तरी विकणारा म्हातारा जुन्या मार्कांतच भाव सांगत होता. मी ते विकत घेतलं.

मला तुमचं पेपरचं ऑफिस आठवतं. तुम्ही मला टेबलाशेजारी स्टुलावर बसवता, पोस्टाने आलेल्या पट्टीतल्या इंग्रजी फुग्यांवर पांढरा रंग फिरवता, फुंकर घालता आणि टाकाने मराठी संवाद लिहिता. चित्राला हात लावायचा नाही असा करार होता, फुगे मात्र तुमचे. त्याच सुमारास आईला मिरजेच्या दवाखान्यात नेलं. तुम्ही एकटेच परत आलात आणि म्हणालात, "आई इंदूरला गेलीय, आजोळी. बरी झाली की येईल." त्याच दिवसांत पेपरातल्या घोडेस्वाराची बायकोही माहेरी गेली.

पुस्तकाच्या शेवटी पट्टीचा सगळा इतिहास दिलाय. आधी तो नुसता विनोदी गुराखी होता. लोकांना आवडला म्हणून त्याला घर दिलं, बायको दिली. पुढे पट्टी घेणारे पेपर गळायला लागले, तेव्हा पट्टी विकणाऱ्या कंपनीने चित्रकाराला कळवलं की एकटा घोडेस्वार जास्त चालतो. त्याने तिला तापाने मारलं. वाचक चिडले, आणि थोड्याच वर्षांत पट्टी बंद पडली.

तिला पुरतानाची ती चौकट मी बाजारात उभ्या उभ्या पाहिली. मातीचा ढीग, भोवती टोप्या हातात घेतलेली माणसं. आपल्या पेपरात तिथे तुम्ही लिहिलं होतंत, "एवढं खणलं, पण विहिरीला पाणी काही लागलं नाही!" टोप्या घाम पुसायला काढल्यात, हेही तुम्हीच मला समजावलं होतंत. एका वाचकासाठी तुम्ही अख्ख्या गावाला फसवलंत, बाबा.

मी दोन वर्षं वाट पाहिली. वर्गातल्या एका मुलीने खरं सांगितलं, तेव्हा मी तिला मारलं. तुमचा राग मला अजून येतो. म्हणूनच, तुमचा जावई आता घरी यायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितल्यावर मी आमच्या मुलाला किचनमध्ये समोर बसवलं. तो सात वर्षांचा आहे, मराठी समजतं, उत्तरं जर्मनमध्ये देतो. मी म्हटलं, "राजा, पापा बरा होणार नाहीये. तो मरणार आहे."

"वान?" त्याने विचारलं. कधी?

"ते कुणालाच माहीत नाही रे."

त्याने हातातला ब्रेड ताटलीत ठेवला आणि खेळणी डब्यात भरायला निघून गेला.

सगळे म्हणतात, बरोबर केलंस. नर्ससुद्धा "गेनाऊ, गेनाऊ", अगदी बरोबर, म्हणत मान हलवते. पण आईची वाट बघत होते तेव्हा मी पोटभर जेवत होते, शांत झोपत होते, तिला दाखवायला रिबिनी जपून ठेवत होते. मी सुखात होते, बाबा. हे मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही, आणि हे पत्रही त्या पुस्तकात घालून ठेवणार आहे.

रोज सकाळी बुटांचे बंद बांधताना तो मान खाली घालून विचारतो, "हॉयटे?" म्हणजे आज का?

"नाही, आज नाही," मी अगदी ठामपणे सांगते. मला काहीच माहीत नसतं. तो विश्वास ठेवतो आणि शाळेत जातो.