आसगावच्या तलावातली देशी मांगूर

१९ जून
आसगावला जाऊन आले. तलावावर जाळं टाकणाऱ्या सदाशिवकाकांनी तीन मांगूर दिल्या, ओल्या पोत्यात गुंडाळून. चिवट मासा, बसमध्येही वळवळत होता.
काका म्हणाले, "बाई, बाहेरची मांगूर सोडली कोनीतरी तलावात. आता आपली उरली का नाही, समजतच नाही. तुमच्या मशिनीले इचारा. आन् काम झालं का परत सोडजा."
हो म्हणाले. माझी बस निघत होती.

२१ जून
तिन्हींना इंजेक्शन, मग मारून, मूत्रपिंड काढून गुणसूत्रांच्या स्लाइड. एक मादी, दोन नर. डीएनएसाठी पंखांचे तुकडे फ्रीजरमध्ये. नेहमीचंच काम. हाताचा वास जात नाही, आई जेवताना नाक मुरडते.

२ ऑगस्ट
केमिकल आलं एकदाचं! जेल चालवलं, डीएनएचे तुकडे मापाप्रमाणे वेगळे करायला. रायबोसोमचं हे जनुक शेकडो वेळा तेच ते, मध्ये मोकळी जागा. बाबांच्या हातमागावरची किनार तशीच: बुट्टी, जागा, बुट्टी, जागा. ही जागा देशी मांगुरीत एका मापाची, बाहेरचीत दुसऱ्या. संकर असेल तर दोन्ही, म्हणजे जेलवर दोन पट्ट्या.
तिन्हींची एकेकच पट्टी, पहिल्या मापाची. देशी!! लॅबमध्ये एकटीच ओरडले.
मग आठवलं.

४ ऑगस्ट
काकांना फोन केला. देशी आहेत म्हटलं, एक मादी, दोन नर. म्हातारा हसतच सुटला.
"मंग जोडी लावून बीज काढू आपन! पानी हाये तोवर. ठेवले ना कालेजच्या टाक्यात नीट?"
हो म्हणाले. काहून म्हणाले मी? तोंडातून निघून गेलं.

२० ऑगस्ट
काकांनी नऊ पाठवल्या. आता मारत नाही, पंखाचा तुकडा घेते फक्त. नऊच्या नऊंना दोन पट्ट्या.
सर (गाईड) फोनवर खूश. "संकराचा पुरावा! तुमच्या प्रबंधाचं एक प्रकरण झालं की." झालं खरं.
पहिल्या तिन्ही मेल्या हे काकांना सांगायचं होतं. नाही सांगितलं.

६ सप्टें.
आणखी चौदांत एक देशी मादी निघाली, एकच पट्टी. कॉलेजच्या टाक्यात सोडली, काकांना तसं कळवलं. सर म्हणतात सोमवारपर्यंत हिचीही स्लाइड हवी, त्याशिवाय प्रबंध पुढे जाणार नाही. नाही म्हणायला जीभ वळत नाही आणि सुई हातात धरवत नाही.

११ सप्टें.
न सांगता काका आले. धुतलेलं धोतर, हातात झाकणाचा डबा.
"पाऊस चालला, बाई. आता नवी धरून माद्या दोन, नर दोन, घेऊन जातो. डबक्यात सोडतो सारेच."
चहा घ्या म्हटलं. नको म्हणाले, आधी मासे.
पहिल्या तिन्ही कपाटात आहेत. स्लाइडच्या डब्यात, नंबर एक ते तीन.
काका टाक्यापाशी उकिडवे बसलेत. शेवाळलेल्या पाण्यात कोपरापर्यंत हात घालून चाचपून राहिले. मी पायरीवर वही घेऊन बसले आहे, काहीतरी नोंद करतेय असं दिसावं म्हणून.
"एक मादी लागली हाताले," म्हणाले. "बाकीचे बुडाशी असतीन. लपते हो मांगूर. मले घाई नाही."